बोगोता: डोंगर उजव्या हाताला ठेवून शहर शिकताना

डोंगरदिवा (धाग्याची सुरुवात)

कोलंबियाची राजधानी बोगोता येथे मी नोकरीच्या निमित्ताने २०२१ च्या अखेरीपासून २०२५ च्या मध्यापर्यंत राहिलो. या काळात कामासाठी तिथे आलेली काही मराठी माणसे भेटली आणि त्यांतील बहुतेकांचे बोगोता राहते घर, कार्यालय आणि एखादे मोठे दुकानसंकुल एवढ्यापुरतेच राहिलेले मी पाहिले. शहराविषयी जे भय मनात घेऊन ती आली होती, ते भय परतीच्या विमानातही त्यांच्याबरोबर गेले. हे भय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्याविषयी पुढे बोलूच. परंतु ऐंशी लाखांच्या आसपास वस्तीचे, इतके बोलके शहर केवळ त्याची रीत न कळल्यामुळे परके राहावे, याची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांचे तिथे वास्तव्य झाले आहे त्यांनी भर घालावी आणि जे जाणार आहेत त्यांनी निःसंकोच विचारावे.

पहिली गोष्ट डोंगराची. बोगोताच्या पूर्वेला दक्षिणोत्तर पसरलेली एक सलग डोंगररांग आहे आणि शहराच्या बहुतेक भागांतून ती दिसते. डोंगर उजव्या हाताला असेल तर आपले तोंड उत्तरेकडे आहे, डाव्या हाताला असेल तर दक्षिणेकडे. हे एकदा अंगवळणी पडले की नकाशा खिशातून काढावा लागत नाही, आणि फोन खिशातून न काढणे हा तिथे सुरक्षिततेचा पहिला धडा असल्यामुळे या डोंगराचे उपकार दुहेरी आहेत.

पत्त्यांची रचनाही याच डोंगराशी जुळलेली आहे. डोंगराला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यांना 'कारेरा' म्हणतात आणि डोंगराकडून पश्चिमेकडे जावे तसे त्यांचे क्रमांक वाढतात. डोंगराकडे जाणाऱ्या आडव्या रस्त्यांना 'काये' म्हणतात आणि त्यांचे क्रमांक उत्तरेकडे वाढतात. समजा, एखाद्या घराचा पत्ता 'काये ७२, क्रमांक १०–३४' असा आहे. याचा अर्थ ते घर बाहत्तराव्या कायेवर, दहाव्या कारेराच्या कोपऱ्यापासून पुढे साधारण चौतीस मीटरवर आहे. शेवटचा आकडा सम की विषम यावरून रस्त्याची बाजूही कळते. पत्ता वाचला की अंतर आपोआप डोळ्यांसमोर येते: शहराचा मध्यवर्ती चौक, प्लासा दे बोलिवार, दहाव्या आणि अकराव्या कायेच्या मध्ये आहे आणि उत्तरेचे जुने गाव उसाकेन एकशे एकोणिसाव्या कायेच्या आसपास, तेव्हा दोहोंत किती चालणे आहे हे अनोळखी माणूससुद्धा सांगू शकतो. 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पारासमोर' अशा पत्त्यांवर वाढलेल्या मला या व्यवस्थेचे आरंभी दडपण आले होते, पण पंधरा दिवसांत तिची गोडी लागली. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पहिल्या कायेच्या दक्षिणेला क्रमांक पुन्हा वाढू लागतात आणि तिथे क्रमांकापुढे 'सूर', म्हणजे दक्षिण, असा शब्द येतो. हा एक शब्द वाचायचा राहिला तर माणूस शहराच्या भलत्याच टोकाला पोहोचतो. माझे तसे एकदा झाले आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे २६४० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या शिखरावर आणखी हजार मीटरांचा डोंगर रचला तर जी उंची होईल, तेवढ्या उंचीच्या पठारावर हे अवाढव्य शहर वसले आहे. पहिले दोन-तीन दिवस जिना चढताना धाप लागते, डोके जड होते, झोप तुटक येते. त्या दिवसांत भरपूर पाणी प्यावे, हलके जेवावे आणि मद्य टाळावे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. ऋतू असे नाहीतच. एकाच दिवसात सकाळचे कोवळे ऊन, दुपारचा पाऊस आणि रात्रीची स्वेटरची थंडी असे सगळे भेटते. घरांत उष्णतेची सोय सहसा नसते, त्यामुळे जाड पांघरूण घेऊनच घरात पाऊल टाकावे.

जुने शहर, म्हणजे ला कान्देलारिआ, पायी पाहावे. गोन्सालो हिमेनेस दे केसादा या स्पॅनिश सेनानीने ६ ऑगस्ट १५३८ रोजी शहराची स्थापना केली असे इतिहास सांगतो. पण या पठारावर त्यापूर्वी मुइस्का लोकांचा नांदता मुलूख होता आणि 'बोगोता' हे नावही त्यांच्याच 'बाकाता'चे बदललेले रूप आहे. याच केसादाचा पुतळा जुन्या शहरातील एका चौकात उभा होता. मे २०२१ मध्ये मिसाक या मूलनिवासी समाजाच्या आंदोलकांनी तो खाली पाडला. प्लासा दे बोलिवारच्या एका कोपऱ्यावर एक लहानसे पांढरे घर आहे. २० जुलै १८१० रोजी तिथे एका स्पॅनिश व्यापाऱ्याकडे फुलदाणी उसनी मागण्यावरून भांडण पेटले आणि त्यातून स्वातंत्र्याच्या लढ्याला तोंड फुटले. त्याच चौकाच्या उत्तर बाजूला न्यायमंदिर आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये बंडखोरांनी त्याचा ताबा घेतला आणि लष्कराने तो परत मिळवला. त्या दोन दिवसांत सुमारे शंभर माणसे मेली, त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही होते. आज त्या पायऱ्यांसमोर मुले कबुतरांना मक्याचे दाणे टाकतात. मी प्रत्येक पाहुण्याला आधी या चौकात नेऊन उभे करत असे, कारण हा देश कशातून गेला आहे ते ठाऊक नसेल तर इथल्या माणसांचे सौजन्य किती मोलाचे आहे ते कळत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा धागा खरोखर लिहायला घेतला ती: रविवारची सिक्लोविया. दर रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत शहरातील सुमारे १२० किलोमीटर रस्ते मोटारींना बंद होतात आणि सायकलस्वार, धावणारे, चालणारे, बाबागाड्या, कुत्री आणि आजीआजोबा यांच्या ताब्यात जातात. १९७४ च्या डिसेंबरमध्ये सायकलप्रेमी नागरिकांच्या पुढाकाराने याचा आरंभ झाला आणि पन्नास वर्षांत महापौर कोणत्याही पक्षाचा आला तरी ही प्रथा मोडली नाही. वाटेत संत्र्यांचा रस काढून देणारे, पंक्चर काढणारे, कापलेले आंबे मीठ-लिंबू लावून विकणारे बसलेले असतात. उद्यानांत शेकडो माणसे एका शिक्षकामागे तालावर व्यायाम करतात. मी पहिले सहा महिने या शहरात नुसता राहत होतो. एका रविवारी सातव्या कारेरावरून चालत निघालो आणि त्या दिवसापासून मी बोगोताचा झालो.

पाटावरवंटा

डोंगरदिवा, तुमचा लेख वाचून डोळ्यांपुढे सगळे उभे राहिले. आम्ही २०२३ पासून दीड वर्ष चापिनेरो भागात होतो. तुम्ही स्वयंपाकघराविषयी काहीच लिहिलेले नाही, तेव्हा ती बाजू मी सांगते.

या उंचीवर पाणी साधारण एक्याण्णव अंशांवरच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. मी भारतातून कुकर नेला नव्हता आणि आता काय करावे या चिंतेत असताना शेजारच्या वयस्क बाईंनी मला त्यांची 'ओया पितादोरा' दाखवली. या नावाचा अर्थच शिट्टी वाजवणारे भांडे! तिथे घरोघरी राजमा आणि मसूर याच भांड्यात शिजतात. मसूर, हरभरा, छोले कोणत्याही दुकानात मिळतात. तुरीची डाळ मात्र नेहमीच्या दुकानात दिसत नाही. पण कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचे लोक तुरीच्या दाण्यांचे सूप आवडीने करतात आणि तिकडचा माल ठेवणाऱ्यांकडे 'गुआंदू' म्हणून विचारले की तूर पुढ्यात येते. कोथिंबीर मुबलक मिळते. कढीपत्ता, मोहरी आणि हिंग मात्र येताना बरोबर आणावे, आणि खाद्यपदार्थांविषयीचे सीमाशुल्काचे नियम आधी वाचून ठेवावेत.

सर्वांत मोठा आनंद गुळाचा. तिथे त्याला 'पानेला' म्हणतात. उसाच्या रसाचा, काहिलीत आटवलेला, चौकोनी किंवा गोल ढेपेचा अस्सल गूळ! भारतानंतर जगात सर्वाधिक गूळ करणारा देश कोलंबिया आहे. थंडीच्या संध्याकाळी गूळपाणी उकळून पितात आणि त्यात ताज्या चीजचा तुकडा बुडवून खातात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते विजोड वाटले होते, पण पावसात भिजून घरी आल्यावर आले घातलेले ते गरम गूळपाणी प्यायले की माहेरी आल्यासारखे वाटते.

बाजार करायचा असेल तर पालोकेमाओ मंडईत जावे, तेही शक्यतो भल्या पहाटे. फुलांच्या निर्यातीत कोलंबियाचा क्रमांक नेदरलँड्सच्या खालोखाल लागतो आणि बोगोताच्या पठारावरील हरितगृहांतून गुलाब, कार्नेशन जगभर जातात. त्यांतील काही भाग पहाटे या मंडईच्या आवारात उतरतो. दादरच्या फुलबाजाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आत फळांचे गाळे आहेत: आंबट, हिरव्या गराचे लुलो, त्याचा रस काढून पितात, कवच फोडून चोखण्याची ग्रानादिया, उचुवा म्हणजे आपली रसभरीच, मामफळ म्हणजे तिथले ग्वानाबाना. विक्रेत्या बाया फोड कापून हातावर ठेवतात आणि नाव तीनतीनदा म्हणून घेतात. माझी निम्मी स्पॅनिश त्या गाळ्यांवर झाली.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. नुसते 'मांस नको' म्हटले तर ताटात कोंबडी येऊ शकते, कारण तिथे 'कार्ने' या शब्दाने पुष्कळदा गाईचे मांसच समजतात. म्हणून 'मी मांस, कोंबडी आणि मासे यांपैकी काहीही खात नाही' असे पूर्ण वाक्य पाठ करावे. दुपारचे ठरावीक जेवण, ज्याला 'कोरिएन्तासो' म्हणतात, ते आपल्या राइस प्लेटसारखे असते: सूप, भात, डाळ किंवा राजमा, तळलेले केळे, रस. मांसाहारी असाल तर बोगोताचे 'आहिआको' अवश्य घ्यावे. तीन जातींचे बटाटे, कोंबडी, मक्याचे कणीस आणि ग्वास्कास नावाचा पाला घालून केलेला हा दाट रस्सा असतो. त्यांतील पिवळा 'क्रिओया' बटाटा पूर्ण विरघळतो आणि त्यानेच रश्श्याला अंग येते. सोबत साय, केपरच्या कळ्या आणि अवाकाडो देतात.

चाकणचौक

अत्यंत उपयुक्त माहिती. माझी पुढील महिन्यात दोन वर्षांसाठी बोगोता येथे बदली होत आहे. सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी असेल. माझी आई एकाहत्तर वर्षांची असून तिला रक्तदाबाचा त्रास आहे. तिला काही महिन्यांसाठी नेण्याचा विचार आहे. माझे तीन प्रश्न आहेत. घर कोणत्या भागात घ्यावे आणि ते मिळण्याची पद्धत काय? दैनंदिन वावरात सुरक्षिततेची नेमकी कोणती काळजी घ्यावी? आणि स्पॅनिश न येता कितपत निभावते? नातेवाइकांनी इतके घाबरवले आहे की पत्नी अद्याप मनाने तयार झालेली नाही. आपण मोकळेपणाने लिहावे.

डोंगरदिवा

चाकणचौक, सुरक्षिततेपासून आरंभ करतो, कारण तो प्रश्न सुटला नाही तर बाकीचे व्यर्थ आहे.

कोलंबियात एक वाक्प्रचार सतत कानावर पडतो: 'नो दार पपाया', म्हणजे पपई देऊ नका. आपल्या वागण्याने चोराला आयती संधी देऊ नका, असा त्याचा अर्थ. रस्त्यात उभे राहून फोन पाहणे ही पपई. उपाहारगृहात खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवणे ही पपई. रात्री रिकाम्या रस्त्यावरून दहा मिनिटांचे अंतर चालत जाणे हीसुद्धा पपई. माझा फोन तिसऱ्या महिन्यात गेला. मी बसथांब्यावर संदेश लिहीत होतो, मोटारसायकलवरून दोघे आले आणि क्षणात हातातला फोन घेऊन गेले. मला इजा झाली नाही, पण आठवडाभर मी बाहेर पडताना दचकत होतो. त्या आठवड्यात कार्यालयातील एका सहकारी बाईंनी मला रोज दुपारी स्वतःबरोबर चालायला नेले आणि कुठे कसे चालायचे ते दाखवले: फोन पाहायचा असेल तर दुकानात शिरायचे, टॅक्सी रस्त्यात हात दाखवून न थांबवता फोनवरून किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याकडून बोलवायची, अनोळखी माणसाने दिलेले पेय किंवा सिगारेट घ्यायची नाही. शेवटची सूचना गंभीरपणे घ्यावी. स्कोपोलामिन नावाचे गुंगीचे औषध देऊन लुबाडण्याचे प्रकार तिथे खरोखर घडतात. कोणी अडवलेच तर जे मागतील ते देऊन टाकावे. तातडीच्या मदतीचा क्रमांक १२३ आहे. आणि ला कान्देलारिआ दिवसा कितीही सुंदर असले तरी अंधार पडण्याआधी तिथून निघावे. एवढे पाळून मी पुढची तीन वर्षे शहरभर हिंडलो आणि पुन्हा काही गमावले नाही. तुमच्या पत्नीला हे जसेच्या तसे वाचून दाखवावे. लपवून काही सांगू नये, कारण नियम ठाऊक असले की भीतीची जागा सवय घेते, असा माझा अनुभव आहे.

घराविषयी. भाड्याने घर देताना घरमालक किंवा दलाल 'फिआदोर' मागतात, म्हणजे शहरात स्वतःची मालमत्ता असलेला जामीनदार. परदेशी माणसाकडे तो कुठून असणार? अशा वेळी विमा कंपनीची हमी किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीचे पत्र चालते, तेव्हा हे काम निघण्यापूर्वीच तुमच्या कार्यालयाकडून लेखी मागून घ्या. तीन महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत नोंदणी करून परदेशी नागरिकांचे ओळखपत्र, म्हणजे 'सेदुला दे एस्त्रान्हेरिआ', घ्यावे लागते. त्याच्याशिवाय बँक, फोन, दवाखाना सगळेच अडते.

घर पाहताना 'एस्त्रातो' हा शब्द पदोपदी येईल. शहरातील प्रत्येक वस्तीला एक ते सहा असा स्तर दिलेला आहे आणि त्यानुसार पाणी, वीज, गॅस यांची देयके ठरतात. वरच्या स्तरांतील लोक जादा पैसे भरतात आणि त्यातून खालच्या स्तरांना सवलत मिळते. हेतू चांगला आहे. परंतु माणसे एकमेकांना सहज 'तुमचा एस्त्रातो कोणता?' असे विचारतात आणि उत्तरावरून माणसाची किंमत करतात, हे मला अखेरपर्यंत खुपत राहिले; जातीपातीच्या प्रश्नांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यातला काटा लगेच बोचतो. मुलीच्या शाळेच्या दृष्टीने उत्तर भाग सोयीचा पडेल: उसाकेन, सेद्रितोस किंवा चिको. मला स्वतःला तेउसाकियो आवडते. विटांची जुनी उतरत्या छपरांची घरे, रुंद पदपथ, मोठी झाडे. पण तिथे संध्याकाळनंतर रस्ते लवकर ओस पडतात.

आईंच्या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला घ्या. भारतातून थेट विमान नाही. वाटेत एक किंवा दोन ठिकाणी बदल करावा लागतो आणि प्रवास दिवसभराहून अधिक होतो. शक्य असेल तर वाटेत एक मुक्काम करा. बोगोतात पोहोचल्यावर त्यांना आठवडाभर घराजवळच चालू द्या. मोन्सेरातेचा डोंगर ३१५२ मीटर उंच आहे. १९२९ साली सुरू झालेली दोराची रेल्वे आणि १९५५ पासूनचा झुलता पाळणा दोन्ही वर जातात आणि वरच्या देवळात क्रूस वाहताना कोसळलेल्या येशूची मूर्ती आहे, तिचे दर्शन घ्यायला भाविक सुमारे १६०० पायऱ्या चढून येतात. त्या पायऱ्या तुमच्यासाठी, पाळणा आईंसाठी, आणि तोही महिनाभरानंतर.

भाषेविषयी मात्र आग्रहाने सांगतो: इंग्रजीवर विसंबू नका. बोगोताची स्पॅनिश स्वच्छ आणि संथ आहे, शिकणाऱ्याला तिच्यासारखी दुसरी नाही. तिथे मित्र मित्राला आणि आई मुलालासुद्धा आदरार्थी 'उस्तेद' म्हणते. आसपासच्या खेड्यांतून आलेली वडीलधारी माणसे तर 'सुमेर्से' म्हणतात, ज्याचे मूळ 'आपली कृपा' अशा अर्थाच्या शब्दांत आहे. भाजीवाल्या आजीबाई तुम्हाला 'काय हवे, सुमेर्से?' असे विचारतील तेव्हा कान तृप्त होतील. काळी कॉफी, जिला 'तिंतो' म्हणतात, मागताना 'मला एक तिंतो भेट द्या' अशी बोलण्याची रीत आहे, पैसे अर्थातच द्यायचे असतात. पहिल्या भेटीत मुलीला एवढे एक वाक्य शिकवा. थर्मास घेऊन फिरणारे सगळे तिंतोवाले तिचे मित्र होतील.

एक गोष्ट तुम्हाला सुखावेल. रस्त्यावर पल्सर आणि बॉक्सर इतक्या दिसतील की पुणे-नाशिक महामार्गावर उभे असल्याचा भास होईल. बजाजच्या मोटारसायकली तिथे घरच्याच समजतात.

नदीपात्र

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो आणि अभ्यासासाठी दोनदा बोगोताला गेलो आहे. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली, त्या काळात बोगोताचे नाव आपल्याकडील प्रत्येक बैठकीत घेतले जात असे. प्रत्यक्ष पाहिल्यावर मला जाणवले ते असे की आपण तिथून मार्गिका तेवढी उचलली आणि व्यवस्था मागे ठेवली.

बोगोताची अशीच बससेवा, त्रान्समिलेनिओ, डिसेंबर २००० मध्ये, एन्रिके पेन्यालोसा महापौर असताना सुरू झाली. तिचे यश लाल जोडबसमध्ये नाही. थांबा बसच्या पायरीइतका उंच असतो, भाडे आत शिरतानाच कार्डावर भरले जाते, सर्व दारे एकदम उघडतात आणि मुख्य म्हणजे थांब्यापाशी दोन मार्गिका असल्याने जलद बस उभ्या बसला मागे टाकून पुढे जाऊ शकते. ही दुसरी मार्गिका नसेल तर सगळा डोलारा एका बसमागे एक असा अडकून पडतो. प्रवाशांसाठी एक उपयुक्त गोष्ट: मार्गाच्या नावातील अक्षर गंतव्य विभाग दाखवते. 'बी'ने सुरू होणारी बस उत्तरेच्या महामार्गाकडे जाते, 'एच'ने सुरू होणारी दक्षिणेकडे. त्यामुळे जातानाचा आणि येतानाचा क्रमांक वेगळा असतो, हे नवख्याला समजायला वेळ लागतो.

तरी तिची भलामण डोळे मिटून करू नये. सकाळ-संध्याकाळची गर्दी मुंबईच्या लोकलची आठवण करून देणारी आहे, खिसेकापू आहेत, स्त्रियांना त्रास होतो, भाडे चुकवून मार्गिकेतून उड्या मारणारे आहेत. मेट्रोची चर्चा तिथे १९४० च्या दशकापासून चालू आहे आणि पहिल्या उन्नत मार्गाचे काम आता कुठे उभे राहत आहे. नवख्या कुटुंबाने गर्दीच्या वेळा टाळून दुपारी प्रवास करावा. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला, दक्षिणेच्या सिउदाद बोलिवार या डोंगरउतारावरच्या श्रमिक वस्तीत जाणारा झुलता पाळणा मात्र अवश्य पाहावा, शक्यतो स्थानिक माणसाबरोबर. जिथे बसला वळणे घेत तासभर लागे तिथे माणसे काही मिनिटांत घरी पोहोचतात. वाहतूक कोणासाठी असते याचे उत्तर तिथे डोळ्यांना दिसते.

आणखी एका महापौरांचा उल्लेख करतो. गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले आन्तानास मोकुस १९९५ साली महापौर झाले. त्यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रापट्टीवर गाडी आणणाऱ्याची ते हावभावांनी भर रस्त्यात नक्कल करत. पादचारी जिथे मेले तिथे रस्त्यावर तारे रंगवले गेले. दंडापेक्षा लाज अधिक काम करते, असा त्यामागचा विचार होता. पुण्यात हे चालेल का, हा प्रश्न मला गेली दहा वर्षे सतावतो आहे.

ज्यांना वास्तुकलेची आवड आहे त्यांनी रोखेलिओ साल्मोना यांची विटांतली कामे पाहावीत: बैलझुंजीच्या मैदानालगतचे तोरेस देल पार्के हे वळणदार मनोरे आणि २००१ साली उघडलेले विर्हिलिओ बार्को ग्रंथालय. साल्मोना तरुणपणी ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसमधील कार्यालयात होते. ल कॉर्ब्युझिए यांनी चंदीगड हाती घेण्याच्या थोडे आधी, १९५० साली, बोगोताचाही आराखडा केला होता. तो बहुतांशी कागदावरच राहिला. साल्मोनांनी पुढे गुरूच्या काँक्रीटऐवजी बोगोताच्या मातीची भाजकी वीट निवडली. पावसानंतर ऊन पडले की या इमारती डोंगराच्याच असल्यासारख्या उजळतात.

उत्तररात्र

सर्वांविषयी आदर राखून वेगळे मत नोंदवतो. मी तीन दिवस बोगोतात होतो. तिन्ही दिवस आभाळ राखाडी, दुपारी पाऊस, रस्त्यांवर धूर आणि वाहनांची कोंडी. त्यानंतर कार्ताहेना आणि मेदेयिन पाहिले आणि वाटले की हे तीन दिवस तिकडेच द्यायला हवे होते. सुट्टी मोजकी असलेल्या प्रवाशाने बोगोता वगळले तर फारसे बिघडणार नाही, असे मला वाटते. सुवर्ण संग्रहालय अप्रतिम आहे, हे मात्र मान्य करतो.

डोंगरदिवा

उत्तररात्र, तुमचा अनुभव खरा आहे. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेला असाल तर पाऊस तुम्हाला गाठणारच होता. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्या मानाने कोरडे असतात. तीन दिवसांत या शहराचे मन कळणे कठीण, हेही मी कबूल करतो. पण तुम्ही सुवर्ण संग्रहालयाचे नाव काढले म्हणून विचारतो: तिथली मुइस्का तराफ्याची लहानशी सुवर्णप्रतिमा तुम्ही पाहिली असेलच. १९६९ साली पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना ती मातीच्या भांड्यात सापडली. मेणाची आकृती करून तिच्यावर माती थापायची, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, या पद्धतीने ती घडवली आहे. आपले ढोकरा कारागीर आजही याच रीतीने काम करतात. तराफ्यावर मधोमध राजा उभा आहे. अंगाला सोन्याची भुकटी लावून तो ग्वाताविता सरोवराच्या मध्यभागी जाई आणि सोने पाण्याला अर्पण करी, असे सांगतात. त्यातूनच एल दोरादोची दंतकथा निघाली, त्या सोन्यासाठी युरोपीयांनी सरोवराचा काठ फोडून पाणी उपसण्याचे प्रयत्न केले, आणि शहराच्या विमानतळाला आज तेच नाव आहे. ते सरोवर बोगोताहून एका दिवसात पाहून येता येते. माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी संग्रहालय पाहून झाल्यावर ग्वातावितालाही जा. ज्यांनी सोने साठवले नाही, पाण्याला दिले, त्यांचा हा मुलूख आहे. हे त्या हिरव्या पाण्याच्या काठावर उभे राहिल्यावर जाणवते.

पाटावरवंटा

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. बोगोताच्या नळाचे पाणी थेट पिण्याजोगे आहे आणि त्यातले बरेचसे चिन्गासा नावाच्या उंच, धुकट माळावरून येते. अशा माळांना 'पारामो' म्हणतात. तिथे फ्राइलेहोन नावाची जाड, केसाळ पानांची झाडे धुके शोषून थेंबाथेंबाने जमिनीत सोडतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये धरणांची पातळी इतकी खाली गेली की शहराचे नऊ भाग करून आळीपाळीने एकेका भागाचे पाणी चोवीस तास बंद ठेवू लागले, आणि हे वर्षभर चालले. शेजारी फार गडबडले होते. मी मात्र पिंप भरून ठेवणे, धुण्याचे पाणी फरशीला वापरणे हे सगळे लातूरला लहानपणीच शिकलेले होते, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बायकांना मी ते शिकवले. त्या निमित्ताने ज्या घरांशी ओळख झाली त्यांच्याशी अजूनही बोलणे होते. फ्राइलेहोन पाहायला चिन्गासाच्या उद्यानात जायचे असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते आणि पावसाळी बूट लागतात.

चाकणचौक

काल रात्री पत्नीने हा संपूर्ण धागा दोनदा वाचला. तिने कुकर आणि हिंग यांची यादी केली आहे आणि मुलगी 'तिंतो भेट द्या' हे वाक्य म्हणत घरभर फिरते आहे. आई आमच्यानंतर तीन महिन्यांनी येईल असे ठरले. आम्ही शुक्रवारी रात्री पोहोचतो. पहिल्या रविवारी काय करावे? तात्पुरते घर चापिनेरोमध्ये, सातव्या कारेराजवळ, साठाव्या कायेच्या आसपास आहे.

डोंगरदिवा

शनिवार पूर्ण विश्रांतीचा ठेवा. रविवारी सकाळी आठच्या सुमारास खाली उतरा. उंचीची सवय झालेली नसेल, म्हणून सायकल नको, पायीच निघा आणि मुलीला दर अर्ध्या तासाने बसू द्या. सोबत पातळ रेनकोट, टोपी आणि पाण्याची बाटली असावी. आभाळ ढगाळ दिसले तरी त्या उंचीवरचे ऊन भाजते, तेव्हा चेहऱ्याला मलम लावायला विसरू नका. फोन आतल्या खिशात असू द्या. सातव्या कारेरावर आलात की डोंगर डाव्या हाताला घ्या आणि दक्षिणेकडे चालू लागा. चाळिसावी काये ओलांडली की लगेच राष्ट्रीय उद्यान लागेल. तिथे संत्र्याचा रस घ्या आणि हिरवळीवर बसा. पहिल्या दिवशी त्यापुढे जाऊ नये. परत निघाल की डोंगर उजव्या हाताला येईल.